थीम चॅलेंजच्या गटात स्वतःची ओळख कशी द्यायची?

अमरावती-अकोल्यातल्या गोधडी आणि भरतकाम करणाऱ्या ताईंसाठी आजचा धडा. गटात नवीन आलं की बहुतेक जणी लिहितात, "मला शिवणकामाची आवड आहे." यातून ना काम कळतं, ना मेहनत. मग पुढे किंमत सांगितली की समोरची म्हणते, "इतकी महाग?"

चार ओळी पुरे आहेत:

१. नाव आणि गाव.

२. काम, टाक्यासकट. "जुन्या सुती लुगड्यांची गोधडी, हातानं धावदोरा." बंजारा भरतकाम असेल तर कांचळी, फेटिया, आरसेकाम हीच नावं लिहा.

३. एका नगाला लागणारे दिवस.

४. थीमशी नातं. समजा थीम आहे "बदलता रंग". आपल्या शेतातल्या पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. "हा बदल मी गोधडीच्या तुकड्यांत दाखवणार," एवढं लिहिलं तरी लक्षात राहतं.

तिसरी ओळ गाळू नका. दिवस आधीच सांगितले की दर सांगताना तो कशाचा आहे हे वेगळं समजवावं लागत नाही.

आजच चार ओळी लिहा, एकदा मोठ्यानं वाचा, मगच पाठवा.