शरीराचा ध्यास लागलेला मुलगा

व्यायाम करावा असें आम्हीच मुलांस सांगतों. परंतु कांहीं मुलांच्या ठायीं ह्या छंदाचें रूप पालटतें. दंड पिळदार असूनहि मुलगा स्वतःस किडकिडीत समजतो. वारंवार आरशांत पाहतो. घरच्या भाजीभाकरीस शिवत नाहीं. अंग दुखावलें तरी व्यायाम सोडीत नाहीं, सोबती मात्र सोडतो. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन पोप व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९७ सालीं ह्या विकारास ‘मसल डिस्मॉर्फिया’ हें नांव दिलें. हा गर्व नव्हे. मनाचा आजार आहे.

मग आईबापांनीं काय करावें?

१. थट्टा करूं नये. ‘काडीपैलवान’ हा हसत उच्चारलेला शब्दहि मुलाच्या मनांत सलत राहतो.

२. ‘तूं चांगला दिसतोस’ एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. कारण दोष अंगांत नसून पाहण्यांत आहे. म्हणून त्यास कशाची भीति वाटते हें शांतपणें विचारावें व ऐकून घ्यावें.

३. सर्वांनीं एकत्र जेवावें; पानावर कोणाच्या अंगलटीची चर्चा करूं नये.

४. स्टेरॉइडच्या गोळ्या अथवा सुया आढळल्यास न रागावतां त्यास डॉक्टरकडे न्यावें. वाढत्या वयांत त्यांमुळें उंची खुंटते. यकृतास व हृदयासहि अपाय होतो.

५. गांवांत मानसोपचाराची सोय नसल्यास १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करावा. २०२२ सालीं सुरू झालेली ही सरकारी ‘टेली-मानस’ सेवा मोफत असून तेथें मराठींत बोलतां येतें.

शिक्षकबंधूंनीं हा पाठ पालकांच्या सभेंत वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.