मोटारीचे वंगण आणि कॅमशाफ्टची झीज

मोटार ही आज व्यापाऱ्याच्या घरी चैनीची वस्तू राहिलेली नाही; तराजू व वहीखाते यांच्याप्रमाणेच ती धंद्याचे साधन झाली आहे. परंतु तराजूची तपासणी आपण नित्य करतो, आणि इंजिनात कोणते तेल घालावयाचे हा निर्णय मात्र मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. काही बंधूंचे मत असे की, तेल ते तेल, स्वस्त मिळेल ते घ्यावे. काहींचे मत असे की, जे सर्वांत महाग तेच सर्वांत उत्तम. ही दोन्ही मते कसोटीला लावण्यासाठी आम्ही येथे एकच प्रश्न घेत आहोत : तेलाच्या प्रकाराचा कॅमशाफ्टच्या झिजेवर परिणाम होतो काय?

प्रथम कॅमशाफ्ट म्हणजे काय ते पाहू. इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणारे आणि जळका वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते उघडण्याचे काम ज्या दांड्यावरील अंडाकृती उंचवटे करतात, तो दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. उंचवटा टॅपेटला ढकलतो व व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग तो पुन्हा मिटविते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. आता हिशेब करून पाहावा. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटवर मिनिटाला १,५०० वेळा घासतो. ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने ५०,००० किलोमीटर धावण्यास १,००० तास, म्हणजे ६०,००० मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत एका उंचवट्याचे घर्षण ९ कोटी वेळा होते!

क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये दाबाने आलेल्या तेलाच्या थरावर जणू तरंगत असतो. कॅमच्या टोकाशी तशी स्थिती नसते. तेथे दोन धातूंचा स्पर्श एका बारीक रेषेपुरता असून त्यावर स्प्रिंगचा सारा भार पडतो. तेल तेथून पिळून बाहेर निघते. सबब, तेल दाट असले म्हणजे कॅम सुरक्षित राहिला, ही समजूत अपुरी आहे. येथे खरे रक्षण करते ते तेलात मिसळलेले द्रव्य. झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट असे त्याचे लांबलचक नाव असून व्यवहारात त्यास झेड.डी.डी.पी. म्हणतात. जस्त, स्फुरद व गंधक यांचे हे संयुग १९४० नंतरच्या दशकात वंगणात येऊ लागले. घर्षणाच्या उष्णतेने ते धातूवर काचेसारखा एक पापुद्रा धरते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकीच. परंतु धातूऐवजी तो स्वतः झिजतो व पुन्हा भरून येतो.

मग अडचण कोठे आली? धुराड्यातील विषारी वायू निवळविणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला स्फुरद बाधक ठरतो. आपल्या देशात हे उपकरण १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत १९९६ च्या एस.जे. वर्गातील पातळ तेलांत स्फुरदाची कमाल मर्यादा ०.१० टक्के होती. २००४ च्या एस.एम. वर्गात ती ०.०८ टक्के झाली. म्हणजे नवे तेल कमी संरक्षक झाले काय? तसे सरसकट म्हणता येत नाही. कॅमच्या झिजेसाठी या वर्गवारीत १०० तासांची स्वतंत्र इंजिन-चाचणी होती. २००१ च्या एस.एल. वर्गात सरासरी झीज १२० मायक्रॉनपर्यंत क्षम्य होती, ती एस.एम. वर्गात ९० मायक्रॉनवर आणली गेली. स्फुरद घटला, तरी कसोटी कडक झाली. परंतु ती चाचणी एका विशिष्ट इंजिनावरील होती, हे विसरता कामा नये.

येथेच आपल्या घरच्या जुन्या मोटारींचा प्रश्न येतो. सोलापूरच्या दिगंबर जैन कुळातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. याच कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली फियाट ११००, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आपल्या पिढीची मोटार होय. तिच्या १,०८९ घनसेंटिमीटर इंजिनात, तद्वतच ॲम्बेसेडरच्या १,४८९ घनसेंटिमीटर इंजिनात, कॅम टॅपेटवर सरळ घासतो. अनेक आधुनिक इंजिनांत मध्ये रोलर असल्याने घर्षण पुष्कळ कमी होते. आमच्या अन्नपूर्णा भागात आजही काही घरांच्या अंगणात वडिलांच्या वेळची फियाट वा ॲम्बेसेडर जपलेली दिसते. त्या गाड्यांचे उत्पादन थांबलेले असल्याने झिजलेला कॅमशाफ्ट पुन्हा मिळविणे म्हणजे तेलाच्या शंभर डब्यांपेक्षा जड काम. अशा गाडीस ०.१० ते ०.१२ टक्के स्फुरद असलेले २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेल योग्य. स्फुरदाची उपरोक्त मर्यादा १०डब्ल्यू-३० व त्याहून पातळ तेलांसाठी आहे, दाट वर्गांसाठी नाही. आपल्या माळव्यातील थंडीस २०डब्ल्यू पुरेसे आहे.

नव्या गाडीत मात्र याच्या उलट वागावे. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथे पूर्वी जुळणी होत असलेल्या स्कोडा लॉरा या मोटारीच्या १.९ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यात डिझेल फवारणारे पंपही कॅमशाफ्टवरच चालत. त्यांना जागा देण्यासाठी व्हॉल्व्हचे उंचवटे अरुंद करावे लागले व भार वाढला. म्हणून निर्मात्यांनी ५०५.०१ या खुणेचे खास तेल ठरवून दिले. तेथे दुसरे तेल कितीही महाग असले, तरी ते चुकीचेच.

‘सिंथेटिक’ या शब्दाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. असे तेल उष्णता अधिक सोसते व थंड इंजिनात लवकर पोहोचते, हे खरे. परंतु कॅमचे रक्षण त्यातील मिश्रद्रव्यांवर अवलंबून असते, केवळ नावावर नव्हे. वरून जस्ताची बाटली ओतणेही इष्ट नाही. ‘अधिकस्य अधिकं फलम्’ हा न्याय येथे लागू पडत नाही; अतिरेकाने गंज व झीज वाढूही शकते. शिवाय हे द्रव्य वापराने खर्च होत जाते, म्हणून उत्तम तेलही मुदतीत न बदलल्यास व्यर्थ. जुन्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट बसविल्यास पहिली वीस ते तीस मिनिटे इंजिन २,००० फेऱ्यांच्या आसपास चालवावे, मंद ठेवू नये. कारण तेथे तेल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या शिंतोड्यांनीच पोहोचते.

शेवटी, व्यापारी या नात्याने एक गोष्ट. वापरलेले तेल गाळून नामांकित डब्यात भरून विकणारे लोक बाजारात आहेत. अशा तेलातील संरक्षक द्रव्य आधीच खर्च झालेले असते. सबब, वर्ग व टक्केवारी यांचा आपला सारा अभ्यास तेथे निरुपयोगी ठरतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावे नक्कल विकणे, गणलेला आहे. आपल्यापैकी जे बंधू तेल व सुट्या भागांचा व्यापार करतात, त्यांनी पक्के बिल द्यावे. आणि ग्राहकांनी रिकामा डबा छिद्र पाडूनच टाकावा.

तात्पर्य, तेलाच्या प्रकाराचा कॅमशाफ्टवर परिणाम निश्चित होतो. परंतु तो किंमतीने ठरत नाही. इंजिनाची रचना, निर्मात्याने दिलेली खूण, मालाची अस्सलता व बदलण्याची मुदत, या चार गोष्टी जुळल्या म्हणजे दांडा दीर्घकाळ टिकतो. गहू घेताना आपण पोत्यावरचा शिक्का पाहून थांबत नाही, नमुना हातावर घेऊन पाहतो. तीच दृष्टी तेलाच्या डब्याकडे वळवावी, अशी सभासद बंधु-भगिनींना आमची नम्र विनंती आहे. जय जिनेंद्र!