चष्मा आणि अचूक नेम

चष्मा लावणाऱ्या विद्यार्थ्याला धनुर्विद्या साधणार नाही, या समजापायी होतकरू मुले-मुली मागे सारली जाऊ नयेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या इम डाँग-ह्यून याने, नजर अधू असतानाही, ७२० पैकी ६९९ गुणांचा विश्वविक्रम नोंदविला. नेम हा दृष्टीइतकाच शरीराच्या स्थैर्याचा विषय आहे.

उजव्या हाताने दोरी ओढणारा धनुर्धर लक्ष्याकडे डावा खांदा करून उभा राहतो व मान डावीकडे वळवतो. त्याच्या उजव्या डोळ्याची नजर भिंगाच्या मध्यातून न जाता नाकाकडील कडेतून जाते व चौकट आड येते. ती टाळण्यासाठी विद्यार्थी मान उचलतो. हनुवटीखालील हाताची जागा बदलते आणि बाण भरकटतो. दोष चष्म्याचा नसून बदललेल्या पवित्र्याचा असतो.

उपाय सोपे आहेत. भिंगे मोठी व चौकट बारीक असावी. चष्मा घसरू नये म्हणून काड्यांना मागून पट्टी बांधावी. डावा पाय किंचित मागे घेतल्यास मान वळवणे सुलभ होते. दूरच्या नजरेचा नंबर अचूक असावा. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरचे असते.

जालना, अंबड, परतूर, भोकरदन आदी तालुक्यांतील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी शालेय नेत्रतपासणीकडे या दृष्टीनेही पाहावे. वेळीच मिळालेला चष्मा फळ्यावरील अक्षर जसे स्पष्ट करतो, तसेच दूरचे लक्ष्यही.