आजीचा अडकित्ता

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळच्या आमच्या खेड्यातील घरी आजीचा एक पितळी अडकित्ता होता. दुपारची कामे आटोपली, की ती ओसरीवर पानाचा डबा उघडून बसे. कठीण सुपारीचे पातळ काप तिच्या सुरकुतलेल्या बोटांतून अलगद खाली पडत. एवढे बळ तिच्या हातात कोठून येते, याचे मला नवल वाटे.

पुढे शाळेत तरफेचा पाठ शिकलो आणि ते कोडे उलगडले. अडकित्त्याच्या एका टोकाला खिळा असतो, तो टेकू. मध्ये सुपारी, तो भार. दुसऱ्या टोकाला हात, ते बल. हात टेकूपासून दूर असल्यामुळे थोड्या बलाने मोठे काम होते. बाटलीचे पत्र्याचे बूच काढणारा ओपनर हीही अशीच तरफ होय.

साधी हत्यारेही सहजासहजी सुचत नाहीत. डबाबंद अन्नाचे पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली घेतले गेले; परंतु डबा उघडण्याच्या खास हत्याराचे पेटंट अमेरिकेत निघाले, ते १८५८ साली! तोवर लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडीत.

आजी गेली. एका दिवाळीत घर झाडताना मी तो अडकित्ता जुन्या भांड्यांबरोबर मोडीत घातला. चार पैसे मिळाले; त्याचे मला समाधानही वाटले.

काही वर्षांनी पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहण्याचा योग आला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, कुलपे, अडकित्ते अशा नित्याच्या वस्तू जमविल्या. अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले आणि १९७५ साली तो ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथील नक्षीदार अडकित्त्यांपुढे मी उभा राहिलो. पण माझे डोळे आजीचा तो साधा अडकित्ता शोधीत होते. तो मात्र कोठेच नव्हता.

बालमित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे जुने हत्यार असेल. ते टाकण्यापूर्वी वडीलधाऱ्यांस त्याची हकिकत विचारा. ती एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. खिळ्याला तेलाचा थेंब द्या आणि ते वापरून पाहा. ज्या हातांनी ते झिजविले, त्या हातांची ओळख तुम्हांस पटेल.

स्वाध्याय
१. अडकित्त्यातील टेकू, भार व बल कोणते, ते सांगा.
२. लेखकाचे डोळे संग्रहालयात साधा अडकित्ता का शोधीत होते?