मांजरापायी काढलेलं कर्ज

वाई, सोमवार

चि. निखिल,

कऱ्हाडच्या काकूकडून कळलं ते खरं आहे का? तू मांजरासाठी मोबाइलवरून कर्ज काढलंस म्हणे. तिने आकडा पन्नास हजार सांगितला, आक्काने सत्तर, आणि वहिनीला विचारलं तर ती गप्प बसली. वहिनी गप्प बसली की काहीतरी खरं असतं, हे तुलाही माहीत आहे.

किती काढलंस, कुठल्या अ‍ॅपवरून, हप्ता किती, मुदत किती, ते मला सरळ लिहून कळव. मग बाकीचं बोलू.

काकूचं दुःख वेगळंच आहे. एवढ्या पैशांत दहा मांजरं आली असती, असं तिचं म्हणणं. वर तिने हेही सांगितलं की 'त्याला मी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून द्यायला सांगितली होती, पण आजकालची मुलं ऐकतात कुठे?' ऐकून माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या घरातली मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, तिला मी लगेच विचारलं. मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही, एखादी गोळीसुद्धा जीव घेते, असं ती म्हणाली. काकूचं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस. यापुढेही माणसांचं कुठलंही औषध मांजराला मनाने देऊ नकोस.

तुझ्या बोक्याच्या, गुंड्याच्या दुखण्याचंही मी तिच्याकडूनच समजून घेतलं. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. लघवीत बारीक खडे धरले की ती तुंबते, आणि एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयच बंद पडू शकतं. मग भूल द्या, कॅथेटर घाला, सलाइन लावा, रक्त पुन्हा पुन्हा तपासा, दोन-तीन दिवस ठेवून घ्या. मध्यरात्री दवाखाना उघडा ठेवून हे फुकट कोण करणार? म्हणून डॉक्टरने तुला लुटलं, हे काकूचं म्हणणं मला पटलेलं नाही. आपल्यापैकी कोणाला हेच झालं असतं तर मेडिक्लेम तरी असता नाहीतर सरकारी योजना तरी. विमा न काढलेल्या मांजराचं बिल पहिल्या रुपयापासून आपल्याच खिशातून जातं.

पण कर्ज? कर्ज कशाला रे?

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे छत्तीस होतात. शिवाय प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतात, म्हणजे हातात कमी पडतं आणि व्याज मात्र पुऱ्या रकमेवर बसतं. हप्ता चुकला की दंड, दंड भरायला दुसरं अ‍ॅप. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला आहे, की कर्ज खरं कोण देतंय आणि सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो, हे कर्जदाराला आधी लेखी द्यायचं. तुझ्या मेलमध्ये तो कागद असेल. शोधून नीट वाच. मिळाला नाही तर ते अ‍ॅप कसलं आहे ते समजून जा आणि मला त्याच दिवशी सांग.

दादाच्या गिरणीचं तू लहान होतास तरी पाहिलं आहेस. मोटार जळली, ती भरून आणायला हातउसने घेतले, ते फेडायला आणखी कोणाकडून, आणि शेवटी गिरणीच गेली. पहिली रक्कम अशीच छोटी होती. म्हणून विचारते आहे, किती काढलंस?

आता थोडं रागाचं. गुंड्या आला तेव्हापासून त्याचे फोटो मी पाहते आहे. गळ्यात घुंगरू, खिडकीत पाळणा, आणि ताटलीत बारा महिने तेच कोरडं खाणं! मांजर मुळात पाणी बेताचं पितं, त्यात कोरडं खाल्लं की लघवी घट्ट होणारच. ओलं खाणं दे, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, ताटलीपासून जरा लांब. डॉक्टरने पथ्याचं खाणं सांगितलं असेल तर महाग पडलं तरी तेच चालव, कारण हे दुखणं उलटतं. रेतीच्या डब्यात सारखा जाऊन बसतोय, ओरडतोय आणि रेती कोरडीच आहे, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. जितकं लवकर नेशील तितका त्याला त्रास कमी आणि बिलही कमी. तिहेरी लस आणि रेबीजची लस चुकवू नकोस. मांजराचा विमाही आता मिळतो, पण आधी झालेलं दुखणं त्यात धरत नाहीत, तेव्हा या दुखण्यापुरता तुला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा गुंड्यासाठी महिना हजाराची आरडी काढ. हसू नकोस. वर्षाला बारा हजार आणि वर व्याज, तेही तुला मिळणारं.

पुढे ऑपरेशन किंवा मोठ्या तपासण्यांची वेळ आली आणि एखादा दिवस हाताशी असला, तर शिरवळ साताऱ्याच्या रस्त्यावरच आहे. कॉलेजचा दवाखाना आहे, विद्यार्थी असतात पण त्यांच्या मागे प्राध्यापक उभे असतात, आणि खासगीच्या मानाने पैसे बरेच कमी लागतात. रात्री-अपरात्री मात्र जवळचाच दवाखाना गाठायचा, तिथे पैशाकडे बघायचं नाही.

बँकेत असताना म्हैस आजारी पडली म्हणून डोरलं गहाण ठेवायला आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कोणी हसलं नाही. म्हैस उठली की दुधातून कर्ज फिटतं, सगळ्यांना हिशेब कळतो. मांजराचा खर्च कुठल्याच हिशेबात बसत नाही, म्हणून तो चोरून करावा लागतो. तू चोरून केलास. कर्जाइतकंच मला हेही खुपतं.

तुला मनीचं कधी सांगितलं नसेन. आपल्या घरी मांजरीला पिल्लं झाली की अण्णा ती पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायला लावायचे, त्यातून ही एक राहिली होती. मी बँकेत नुकतीच लागले होते. तिने खाणं टाकलं, पोट फुगलं. जनावरांचा दवाखाना बाजाराच्या अलीकडेच होता आणि पहिला पगार माझ्या पर्समध्ये होता. पण बँकेतली मुलगी टोपलीत मांजर घेऊन बैलांच्या रांगेत उभी राहिली, असं गावभर होईल, या लाजेने मी गेले नाही. जिन्याखाली पडून होती ती. आईने गरम राख टाकलेल्या शेगडीजवळ तिला ठेवलं, आणखी काय करणार? डॉक्टरने तिला वाचवलं असतं की नाही, कोण जाणे. विचारायला तरी जायला हवं होतं.

तू गेलास. रात्री रिक्षा शोधून, खिशात पैसे नसताना गेलास. त्यासाठी मी तुला एक शब्द बोलणार नाही, आणि काकूलाही बोलू देणार नाही. नोकरी अजून कायम झालेली नाही, खोलीचं भाडं आहे, घरी मागायची चोरी वाटली असेल, सगळं कळतं मला. पण माझ्याकडे मागायला कसली लाज? तुझ्या मुंजीत तुला मांडीवर घेऊन रात्रभर पंख्याने वारा घालत बसलेली आत्या आहे मी.

तर असं कर. आज फेडायचं तर एकूण किती भरावे लागतील, तो आकडा अ‍ॅपवर बघ. मुदतीआधी फेडण्याचा काही आकार असेल तर तोही धर आणि मला कळव. तेवढे पैसे मी खात्यावर टाकते. मला ते सावकाश परत दे, दोन वर्षं लागली तरी चालतील, व्याजाचं नाव काढू नकोस. फिटल्याचा दाखला मागून घे आणि ते अ‍ॅप काढून टाक. दादाशी मी बोलेन, तू त्या भानगडीत पडू नकोस.

नीट जेवत जा. पैसे वाचवायला रात्री चहा-बिस्किटांवर झोपतोस, हे वहिनीने न सांगताही मला समजतं.

तुझी,
आत्या

ता. क. — गुंड्याला आता लघवी मोकळी होते ना? कर्जाच्या आकड्याआधी तेवढं कळव.