तळव्यातील गाठ

प्रश्न : वय 46. डाव्या तळव्याच्या कमानीत वर्षभरापासून वाटाण्याएवढी कठीण गाठ आहे. अनवाणी चालताना खुपते. ती कर्करोगाची असेल काय? तत्काळ काढून टाकावी काय?

उत्तर : प्रत्यक्ष तपासणीवाचून कोणीही हमी देऊ नये हे खरे, तथापि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेल्या तंतुमय पडद्यात उद्भवणारी, लेडरहोज या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी निरुपद्रवी गाठ हीच असण्याचा संभव अधिक दिसतो. तिच्यासोबत कित्येकदा तळहातातही, विशेषतः अनामिकेच्या मुळाशी, तशीच गाठ आढळते. सबब डॉक्टरांना हातही दाखवावेत. सोनोग्राफी बहुधा पुरते. मात्र गाठ वाढू लागली, खोल वाटली किंवा रात्री ठणकू लागली, तर एमआरआय करून, आणि जरूर पडल्यास सुईने तुकडा काढून, निदान शस्त्रक्रियेपूर्वीच पक्के करावे. कारण सायनोव्हियल सार्कोमा हा घातक अर्बुद पायात वर्षानुवर्षे लहान राहून भल्याभल्यांना चकवतो.

निदान निरुपद्रवी ठरल्यास काढण्याची घाई करू नये. गाठ तेवढीच खुडली तर ती वारंवार, आणि पूर्वीपेक्षा हट्टाने, परतते. पडदा विस्तृत काढावा, तर तळव्याची जखम भरण्यास विलंब लागतो व मज्जातंतूस इजा संभवते. तूर्त गाठीच्या जागी खळगा ठेवलेला मऊ तळ चपलेत बसवून घ्यावा आणि घरातही अनवाणी फिरू नये.