सरड्याचे वर्णन : निसर्गाभ्यासाचा एक पाठ

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण तिसऱ्या-चौथ्या इयत्तेतील बहुतेक मुलांना पाठ असते. परंतु त्याच कुंपणावरील सरड्याच्या मागील पायास बोटे किती, असे विचारल्यास वर्ग स्तब्ध होतो. पुष्कळदा शिक्षकांनाही उत्तर सांगता येत नाही. प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा, पण प्राणिशास्त्रातील एका मोठ्या दुरुस्तीचा आरंभ अशाच मोजणीतून झालेला आहे.

गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी पिशवी असलेला एक लहान सरडा आपल्या देशातील माळरानांवर आढळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या नमुन्यावरून त्यास 'सिताना' हे नाव दिले. याच्या मागील पायास चारच बोटे असतात, तर कुंपणावरील सरड्यास पाच. पुढे दीर्घकाळ भारतातील असे बहुतेक सरडे एकाच जातीत गणले जात. जेर्डनने १८७० मध्ये दख्खनमधील सरडा वेगळा म्हणून वर्णिला होता. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

२०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ प्रभृती संशोधकांनी ठिकठिकाणचे नमुने ताडून पाहिले आणि एक नवी प्रजाती व पाच नव्या जाती जाहीर केल्या. नव्या प्रजातीस त्यांनी नाव दिले 'सरडा'! आपल्या घरातील शब्द शास्त्रीय नामावलीत जाऊन बसला, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील 'सरडा सुपर्बा' याच्या नराचा कंठपंखा निळा, काळा व नारिंगी अशा तीन रंगांचा असतो.

मात्र रंग पाहून नवी जात ठरत नाही. नमुना मद्यार्कात ठेवला की रंग उडतो. राहतात ते खवले. म्हणून मुस्कटापासून गुदद्वारापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, शेपटी निराळी मोजतात, धडाभोवतालचे व ओठांवरील खवले मोजतात, ते गुळगुळीत की मधोमध कण्यासारखी धार असलेले, हेही नोंदवितात. त्याबरोबर आनुवंशिक द्रव्याचीही तुलना करतात. ज्या एका नमुन्यावरून नाव दिले जाते, तो संग्रहालयात जपून ठेवला जातो; पुढे शंका आल्यास त्याच्याशीच ताडून पाहावयाचे असते.

हाच अभ्यास शाळेच्या आवारात करता येतो. काटेरी कुंपणावर बसणाऱ्या सरड्यास शास्त्रात कॅलोटिस व्हर्सिकलर म्हणतात. त्याच्या कानावर काट्यांचे दोन लहान पुंजके असतात, मानेपासून पाठीवर तुरा असतो, अंगावरील खवल्यांची टोके मागे व वर वळलेली असतात आणि शेपटी धडाहून कितीतरी लांब असते. विणीच्या काळात नराचा गळा लालभडक होतो. त्यावरूनच तो दुरून रक्त शोषतो असा समज पसरला आणि मुलांच्या दगडांस तो बळी पडू लागला. वस्तुतः तो किडे खातो. रंग बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेला सरडगुहिरा याहून अगदी निराळा. त्याची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत जुळलेली असतात : पुढील पायास आत तीन व बाहेर दोन, मागील पायास याच्या उलट. त्याचे डोळे स्वतंत्रपणे फिरतात. तो बसेल त्या जागेचा रंग घेतो हे खरे नाही. प्रकाश, उष्णता व त्याची मनःस्थिती यांनुसार रंग पालटतो.

नाव मिळाल्यावर काय साधते, असे एखादा मुलगा विचारील. चाळकेवाडीचेच उदाहरण द्यावे. तेथील पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपट कमी आढळले, सरडे वाढले, ते माणसास पूर्वीइतके भिईनात आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके पडले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोणता प्राणी, कोठे व कसा होता याची नोंदच नसती, तर हा पालट कोणाच्या ध्यानी आला असता ?

पाठाच्या वेळी सरडा पकडू नये. चार-पाच हात अंतरावरून पाहावा. प्रत्येक मुलाने वहीत तारीख, वेळ, जागा लिहून बोटे, तुरा, शेपटी व गळ्याचा रंग नोंदवावा. जे दिसले नाही तेथे 'दिसले नाही' असेच लिहावे. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू नये. श्रावणातील नोंद व माघातील नोंद शेजारी ठेवून वर्गात वाचावी.